टाळूचा वास

बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, टाळूवर वेखंड चोळून आणलं की घरातली प्रत्येक बाई एकदा तरी त्याच्या डोक्याशी नाक नेते. हे कुणी शिकवलेलं नसतं. मे 2021 मध्ये, साताऱ्याला माझ्या भावाच्या घरी, मालीशवाल्या मावशींनी पंचवीस दिवसांची नात दुपट्यात गुंडाळून माझ्या भाचीच्या मांडीवर ठेवली. ओवा, बाळंतशोपा आणि लसणाच्या सालांचा धूर खोलीत अजून रेंगाळत होता, माझे डोळे चुरचुरत होते. भाचीने वाकून टाळू हुंगली. पुन्हा हुंगली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, काहीच येत नाही गं."

"येईल, येईल," मी म्हटलं. त्या दिवसांत सगळे सगळ्यांना असंच काहीतरी सांगत होतो.

ती सातव्या महिन्यातच पुण्याहून माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज, आणि पुण्यापेक्षा इकडे करोना कमी असेल हा हिशेब. दुसऱ्या लाटेने तो हिशेब पार उलटापालटा केला. सिझेरियनच्या आदल्या दिवशी केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली. मुलगी झाली, धडधाकट, निगेटिव्ह. आईचा ऑक्सिजन मात्र तिसऱ्या दिवशी 91 वर आला आणि तिला वेगळ्या वॉर्डात हलवलं. बाळ वहिनींच्या ताब्यात, घरी; वाटी-चमच्याने पावडरचं दूध. इकडे भाचीला पान्हा फुटलेला, छाती दगडासारखी. नाकाला नळी लावलेल्या अवस्थेत ती हाताने दूध काढायची आणि ती वाटी नर्स बेसिनमध्ये रिकामी करायची. 'इन्फेक्शन आहे' एवढंच उत्तर. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगत होती, की आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला खुशाल पाजावं, मायलेकरांची ताटातूट करू नये. आमच्या त्या खासगी रुग्णालयापर्यंत ते पोचलं नव्हतं, किंवा पोचूनही कुणाला धीर झाला नव्हता. त्या एप्रिलमध्ये नर्सवर चिडायचं तरी कुठल्या तोंडाने? पीपीई किटमध्ये घामाने निथळत ती बारा-बारा तास उभी असायची. पण बेसिनमधून वाहून गेलेलं ते पांढरं पाणी भाचीच्या डोळ्यांपुढून पुढे वर्षभर गेलं नाही, हेही खरंच.

मुलीचं बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. त्याच पंधरवड्यात भाचीचे चुलतसासरे करोनाने गेले, म्हणजे घरात सोयर आणि सुतक एकदमच. शिवू नका, भेटायला येऊ नका, हे तीन-तीन कारणांनी सांगितलं जात होतं. त्यातलं कुठलं शास्त्राचं आणि कुठलं डॉक्टरांचं, हे शेवटी कुणालाच कळेनासं झालं.

ती वाचली, हे थोडं नव्हतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईच्या नायर रुग्णालयाला आणि राज्यातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांना हाताशी धरून 'प्रेगकोविड' नावाची नोंदवही चालवली होती. नायर एप्रिल 2020 पासून कोविडसाठी राखलेलं. करोनाबाधित बायकांची हजाराहून अधिक बाळंतपणं एकट्या त्या रुग्णालयाने केली. या नोंदवहीतल्या 1,530 गर्भवती आणि बाळंतिणींचे आकडे जून 2021 मध्ये जाहीर झाले. पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या बायका 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत 28.7. मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्क्यांवरून 5.7 वर गेलं. स्तनदा मातांना लस घ्यायची मुभा 19 मे 2021 ला मिळाली आणि गर्भवतींना 2 जुलैला. एप्रिलमध्ये बाळंत झालेलीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

पण मला लिहायचंय ते जगलेल्यांबद्दल. त्यांची नोंदवही कुणाकडे आहे?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना असतो. त्या सव्वा महिन्यात ती राणी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालीश, शेक, कानाला पट्टी, गार पाण्यात हात घालायचा नाही. या व्यवस्थेत जाच पुष्कळ होता, अंधारी खोली होती, मुलगी झाली तर लाडवातलं तूप कमी व्हायचं, हे सगळं कबूल. तरी एक गोष्ट त्या व्यवस्थेला पक्की ठाऊक होती, की बाळंत झालेल्या बाईने काही काळ आडवं पडायचं असतं आणि त्यासाठी तिला कारण द्यावं लागू नये. आता गंमत बघा. सरकारचं कॅलेंडरही जवळजवळ तेच आहे. आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातही बाळंतपणाचा काळ सहा आठवड्यांचा. आजी, सरकार आणि डॉक्टर यांचं इतकं एकमत क्वचितच होत असेल.

विषाणू मात्र हे कॅलेंडर पाळत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या दुखण्याची व्याख्या केली: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही दिसणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या निदानात न बसणारी लक्षणं. म्हणजे बाळंतिणीसाठीची आशा ताईंची शेवटची भेट होऊन गेली, सव्वा महिना फिटला, ओटी भरून मुलगी सासरी गेली, की हे दुखणं अधिकृतपणे सुरू होणार. बाळंतपणानंतरची केसगळतीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच येते आणि मोठ्या तापानंतरचीही तेव्हाच. थायरॉइडचा बिघाड बाळंतिणींमध्ये शंभरात पाचेकींना होतो. आधी धडधड आणि वजन उतरणं, मग चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सुस्ती, सूज, उदासी. सगळं नेमकं त्या महिन्यांत, जेव्हा घराने टाळ्या वाजवून 'झालं हो बाळंतपण' म्हटलेलं असतं.

भाची ऑगस्टमध्ये पुण्याला परतली. बाथरूमच्या जाळीवर रोज केसांचा गुंता साचायचा, तो ती नवऱ्याला दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून टाकायची. एका मजल्याचा जिना चढताना मधल्या वळणावर बसायची. दोन बादल्या कपडे वाळत घातले, की त्या दिवशी काही नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलत नसे. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणायच्या, "अगं, ताप जाऊन चार महिने झाले." ताप उतरला म्हणजे माणूस बरं झालं, ही आपली सगळ्यांचीच समजूत. तिची आई फोनवर विचारायची, बाळ पितं का? वजन वाढतंय का? शी कशी होते? मीही तेच विचारत होते. बारा मिनिटांच्या फोनमध्ये तिच्याबद्दलचा एक प्रश्न नसायचा, आणि हे मला तिने सांगेपर्यंत जाणवलंही नव्हतं.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने तिला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. चौथ्या मिनिटाला ती भिंत धरून उभी राहिली. त्या बाईंनी दिलेला पहिला सल्ला व्यायामाचा नव्हता. दमायच्या आधी थांबायचं, हा होता. दमल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो. विषाणूनंतरच्या थकव्यात शरीर आजची उधळपट्टी उद्या-परवा वसूल करतं. म्हणून भाजी बसून चिरायची, आंघोळ स्टुलावर, बाळाला पाजताना आडवं होऊन पाजायचं, आणि बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायला घ्यायची नाहीत. बरं वाटलेला दिवस हाच धोक्याचा. भाचीला हे ऐकून रडू आलं. आळशी नाही आहोत, असं तिला चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पांढऱ्या कोटातलं माणूस सांगत होतं.

सगळा थकवा करोनाच्या माथी मारणंही बरोबर नाही. तिचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यावर सिझेरियनचा रक्तस्राव, त्यावर आजार. लोहाच्या गोळ्यांनी तिचा निम्मा जिना सोपा झाला असेल. थायरॉइड तपासला, तो ठीक निघाला. दम लागण्यामागे कधी हृदयाचा बिघाड असतो, कधी फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी. 'लाँग कोविड आहे, चालायचंच' असं म्हणून घरी पाठवणारा डॉक्टर आणि 'काही नाही, मनाचे खेळ' म्हणणारा डॉक्टर, दोघांनीही तपासण्यांचा कंटाळाच केलेला असतो.

गुठळीवरून आठवलं. साताऱ्याच्या मालीशवाल्या मावशी. तीसेक वर्षं बाळंतिणींना चोळतायत. मी त्यांना विचारलं, करोनाच्या काळात भीती नाही वाटली? मास्क वर ओढत म्हणाल्या, "रोगाची नाय वाटली, पिंढऱ्यांची वाटली." म्हणजे? दोन पिंढऱ्या त्या आधी बोटांनी मापून बघतात. एकच सुजलेली, गरम लागली, दाबल्यावर बाई कळवळली, तर तेलाचा हात लावायचा नाही, आधी दवाखाना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त गोठायची ओढ तशीही वाढलेली असते, करोनाने ती आणखी वाढवली, आणि अशा पायाला रगडून मालीश करणं जिवाशी खेळ. मावशींना हे असं सांगता येत नव्हतं. त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं, एवढंच. मला वाटलं, आशा ताईंच्या प्रशिक्षणाला या मावशींना बोलवायला काय हरकत आहे?

घरी जाऊन बाळंतीण आणि बाळ बघायचं हे प्रारूप मुळात गडचिरोलीचं. 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवलं आणि पुढे ते देशभर आशांच्या हाती गेलं. त्याच भागातला डॉ. राणी बंग यांचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र कमी आठवला जातो. घरी बाळंत होणाऱ्या बायकांचा पाठपुरावा करून त्यांनी दाखवलं, की जवळपास 43 टक्के बायकांना बाळंतपणानंतरच्या काळात काही ना काही दुखणं होतं. आजही भेटीच्या फॉर्मवर आईसाठी जागा आहे, पण ती मोजकी आणि अपुरी: ताप आहे का, अंगावरून घाण वास येतो का, आकडी किंवा असंबद्ध बोलणं आहे का, दूध येतं का. जीव दमलाय का, मन कशात लागतं का, याला रकाना नाही. बेचाळीस दिवसांनंतरही आशा ताई येतात, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात. पण तेव्हा बाळाचं वजन आणि वरचं अन्न बघायला.

मनाचं सांगते. भाची पुण्यात बाळाच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावायची. रात्री दोनला, तीनला, साडेतीनला. मोठ्यांच्या बोटासाठी केलेला तो चिमटा त्या वालाच्या दाण्याएवढ्या अंगठ्यावर बसायचाच नाही. आकडा यायचा नाही, किंवा 82 यायचा, आणि ती बाळाला झोपेतून उठवून दिव्याखाली ओठ बघायची. लाल दिसले, की बसून राहायची. जावयांनी एकदा ते यंत्र कपाटात लपवलं तर तिने नाकाशी बोट धरून श्वास मोजायला सुरुवात केली. अँब्युलन्सचा आवाज आला, की खिडक्या लावून घ्यायची. आणि दिवसा? दिवसा ती बाळाचं सगळं वेळेवर करायची, कुणाला काही संशय येऊ नये इतकं. "करते सगळं," ती मला म्हणाली, "पण दुसऱ्या कुणाचं तरी मूल सांभाळल्यासारखं."

बाळंतपणानंतर दोन-चार दिवस रडू येतं, आणि दहा-पंधरा दिवसांत ते आपोआप ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या 270 गर्भवतींचा पाठपुरावा केला, तो अभ्यास 2002 मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के बायकांना नैराश्य होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची मोठी कारणं. हे सगळं करोनाच्या कितीतरी आधीचं. विषाणूने घरात नवं भूत आणलं नाही, असलेल्याला जागं केलं.

आपल्या बायका 'मी निराश आहे' असं म्हणत नाहीत. 'कसंतरी होतं', 'छातीत धडधडतं', 'डोक्यात मुंग्या', 'नको वाटतं सगळं', असं म्हणतात, आणि समोरचा ईसीजी काढून घेतो. 1987 मध्ये एडिनबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. पाच-सात मिनिटांत होते. तिच्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा आहे. भाचीने तिथे बराच वेळ पेन थांबवलं होतं, असं तिच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तिच्या परवानगीने आम्हाला सांगितलं. तिला सर्ट्रालिन सुरू झालं. सासूबाईंची शंका, गोळ्यांनी दूध बाधेल. डॉक्टरांनी समजावलं, की अंगावर पाजणाऱ्या आयांना देण्याजोग्या गोळ्यांमध्ये ही आधी येते, दुधात फार थोडी उतरते. सासूबाईंना ते पटलं की नाही माहीत नाही. पण त्या दिवसापासून रात्रीची एक पाळी त्यांनी घेतली, दहा ते दोन. सलग चार तास झोप. भाची म्हणते, गोळी आणि ते चार तास यांतलं जास्त कशाने काम केलं ते सांगता येणार नाही.

क्वचित, हजारात एखाद-दोन बायकांना, प्रकरण फार वेगळं होतं: झोपच नाही, भलते आवाज, बाळाबद्दल भलत्या कल्पना. तेव्हा मांत्रिक, अंगारा, आठवडाभर वाट बघणं यांतलं काही चालत नाही; त्याच दिवशी रुग्णालय. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही म्हटलंय, की उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तोडायचं नाही. महाराष्ट्रातल्या किती वॉर्डांत त्या मुलाचा पाळणा मावेल, ते ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यात जाऊन बघावं. रात्री-बेरात्री बोलायला 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

करोना गेला म्हणून हा विषय संपला असं वाटत होतं, तर 2024 च्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीत चिकनगुनिया शिरला. तिसऱ्या मजल्यावरची, चार महिन्यांच्या मुलाची आई. 'चिकनगुनिया' हा शब्द टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला. वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. बार्शीने त्याचा हिसका 1973 मध्येच अनुभवला होता आणि 2006 मध्ये अर्ध्या महाराष्ट्राने. त्या आईचा ताप चार दिवसांत गेला आणि सांधे सात महिने राहिले. मी गेले तेव्हा ती लंगोटाच्या नाड्यांची गाठ मारायचा प्रयत्न करत होती. बोटं वळतच नव्हती. दाताने एक टोक धरून तिने ती गाठ मारली, मग झबल्याच्या टिचबटणांकडे बघून म्हणाली, "काकू, ही तेवढी लावाल?" पाळण्यातून मूल उचलताना ती मनगटं वापरत नसे, दोन्ही कोपर खाली घालून, फावड्यासारखं उचलायची. दूध पाजायला हरकत नव्हती. डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक घ्यायचं नाही, हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की कामावर जाताना आजारपणाची सुट्टी मागायची कुठल्या खात्यात. 26 आठवड्यांची रजा संपत आली होती. तेव्हाच्या मातृत्वलाभ कायद्यात बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळायचा. डास चावणं त्यात बसत नव्हतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. गोव्यात एक प्रयोग झाला होता, 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. उदास गर्भवतींच्या घरी त्याच वस्तीतल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका जायच्या, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. गप्पा, दिवसाचं नियोजन, नवऱ्याला आणि सासूला चर्चेत ओढणं. फरक जादूसारखा नव्हता, पण होता. मला त्यातली 'सहा महिने' ही मुदत महत्त्वाची वाटते. आणि वेगळा कार्यक्रम काढायला पैसा नसेल, तर बाळाची लस आहेच. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात आई बाळाला घेऊन रांगेत उभी असते. बाळाला सुई टोचणारी सिस्टर मान वर करून तिला दोन प्रश्न विचारू शकते. जिना चढता येतो का? झोप लागते का?

भाचीचं नाक जाऊन सहा महिने झाले तेव्हा कुणीतरी तिला वासाचे व्यायाम सांगितले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांची पद्धत: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, प्रत्येक वास काही सेकंद, सकाळ-संध्याकाळ, महिनोन्‌महिने. तिने औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. आधी लवंग आली, फिकी. मग सगळे वास वाकडे येऊ लागले. फोडणीला जळक्या टायरचा, कॉफीला कुजक्या कांद्याचा. हे सुधारणेचं लक्षण असतं म्हणे. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा लिंबू लिंबासारखं लागलं. तोवर टाळू भरली होती, धुरी कधीच बंद झाली होती, मुलीच्या केसांना शाम्पूचा आणि घामाचा वास यायचा, इतर कुठल्याही पोरीसारखा.

गेल्या महिन्यात भाची घरी आली होती. जिना न थांबता चढली, वर आल्यावर पाणी मागितलं. मुलगी आतल्या खोलीत माझ्या चष्म्याशी खेळत होती. मध्येच भाची म्हणाली, "आत्या, तू तेव्हा हुंगली होतीस ना टाळू? सांग ना, कसा होता वास?"

मी सांगायला लागले. वेखंड, ओव्याचा धूर, दूध, थोडं आंबूस, थोडं तेल. एवढं बोलून थांबले. ती अजून माझ्याकडेच बघत होती.